धर्मराजाचे छर्रे

ही गोष्ट सांगणाऱ्याने गोष्टीत पहिलं पाऊल टाकलं ते थेट थाळीत.

थाळी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, होती. तिच्यात बोटभर रॉकेल होतं आणि रॉकेलात सायकलच्या हँडलचे छर्रे पडले होते. छर्रे म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्या. सायकलच्या पुढच्या नळीला खाली एक आणि वर एक अशा दोन वाट्या असतात. त्यांत हे छर्रे ग्रीसमध्ये मांडून बसवतात, आणि त्यांच्या जिवावर सायकलचं तोंड डावीउजवीकडे वळतं. दिवाळे गावात, खाडीच्या काठाला, धर्मराज कोळ्याच्या अंगणात रविवारी सकाळी ती थाळी ऊन खात बसली होती. पलीकडे अंगणभर जुनं जाळं अंथरून त्याच्या बायकोने, शेवंताबाईने, जवळा (बारीक कोलंबी) वाळत घातला होता. बेलापूरच्या शाळेत मराठी शिकवणारा एक मास्तर (हाच तो सांगणारा, यापुढे त्याला मास्तर म्हणू, गावही तेच म्हणतं) “काय धर्मराज, काम कुठवर?” असं विचारत ऐटीत पुढे झाला, आणि त्याच्या चपलेने थाळीची कड अशी नेमकी दाबली की थाळी उभी राहिली, रॉकेल मास्तरच्या धुतल्या पायजम्यावर आलं आणि छर्रे सगळेच्या सगळे जवळ्यात गेले.

वाळत घातलेला जवळा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी अशी कल्पना करावी की कोणीतरी शंभर फौजदारांच्या मिशा कातरून अंगणात पसरल्या आहेत. त्या मिशांत आता मिरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या शोधायच्या होत्या.

धर्मराज नुकताच रातपाळीवरून आलेला होता. त्याने जवळ्याकडे पाहिलं, मग मास्तरकडे पाहिलं, मग डोळे मिटले.

“मास्तर,” तो डोळे न उघडता म्हणाला, “तुमी बसा. आनि बसल्यावर हलू नका.”

“अरे, मी वेचून देतो की…”

“हलू नका म्हनतंय ना.”

तोवर आवाज ऐकून शेवंताबाई बाहेर आली. कमरेला खोचलेलं लुगडं, हातात सुपली.

“काय पारला? कोनी पारला?” तिने नाक वर करून वास घेतला. “अगो माझे बाय! सगला जवला रॉकेलात! आता बाजारात काय सांगू गिऱ्हाइकाला? ताई, चूल नको पेटवू, नुसती काडी दाखव, आपोआप शिजल?”

“सगळा नाही हो, एवढा कोपराच…” मास्तर पुटपुटला.

“मास्तर, तुमी शालेत पोरांना असाच शिकवता का? लाथेन?”

शेवटी धर्मराजाचा धाकटा भाऊ शिवा आतून मोडक्या रेडिओच्या भोंग्याचं लोहचुंबक घेऊन आला. गावातली दहाबारा माणसं कडेने उभी राहिली आणि शिवाने ते चुंबक जवळ्यावरून असं फिरवलं, जसा देवऋषी अंगावरून लिंबू फिरवतो. छर्रे टपाटप चिकटत होते. सगळे मिळाले असं शिवाचं म्हणणं पडलं. ते खरं नव्हतं. पुढच्या आठवड्यात बेलापूरच्या सरकारी वसाहतीतली एक बाई काड्यापेटीत एक छर्रा घालून बाजारात शेवंताबाईकडे आली आणि म्हणाली, “हे तुमच्या जवळ्यात निघालं, माझ्या सासऱ्यांचा दात थोडक्यात वाचला.” शेवंताबाईने छर्रा उन्हात धरून पाहिला आणि म्हणाली, “मोती निघाला तरी बोंबलता व्हय?”

पण सांगायचंय ते धर्मराजाबद्दल.

काही माणसं गोरी असतात, काही उंच असतात, तसा धर्मराज थकलेला होता. तो त्याचा रंगच होता. त्याला पाहिल्याबरोबर समोरच्या माणसाला जांभई येई. बोलताना वाक्य अर्ध्यात सोडून तो जरा विसावा घेई, आणि ऐकणाराही तेवढ्या वेळात कुठेतरी टेकून घेई. त्याचं नाव धर्मराज ठेवलं तेव्हा आईबापांच्या मनात काही थोर असेल. वनवासाचा भाग तेवढा पदरात पडला.

ऐन तरुणपणी तो बापाबरोबर खाडीत होडी घालत होता. मग तुर्भ्याच्या अंगाला कंपन्या आल्या, खाडीचा रंग बदलला, जाळ्यात मासळीपेक्षा चिखल जास्त यायला लागला, आणि बाप गेल्यावर होडी उपडी करून धर्मराजाने कंपनी धरली. रातपाळी कोणालाच नको असते, ती याने आपणहून मागून घेतली. कोळ्याला रात्रीचं जागणं नवीन नाही. भरती आली की उठायचं, मग दिवस असो की रात्र. कंपनीचं तसंच, फक्त भरतीला अधूनमधून ओहोटी तरी लागते.

दिवसा झोपावं आणि रात्री काम करावं, असा सरळ हिशेब होता. पण दिवाळ्यात सायकली होत्या. आणि खाडीचा खारा वारा सायकल अशी खातो की ती वयाने म्हातारी होतच नाही, वाऱ्यानेच होते. चेन गंजते, पेडल कुरकुरतात, आणि हँडलच्या वाट्यांत तर मीठ जाऊन बसतं. धर्मराजाच्या हाताला ते काम येत होतं. कंपनीत यंत्रांची बेअरिंगं पाहून पाहून आलं असेल. घरात भाऊ टेम्परवारी, कधी काम तर कधी बसून. तेव्हा दोन पैसे वर मिळतील म्हणून त्याने अंगणात एक पंप, दोन पाने आणि एक घमेलं मांडलं, आणि त्या दिवसापासून त्याची झोप गेली.

गावाला कसं कळायचं देव जाणे, पण धर्मराजाने खाटेवर अंग टाकलं रे टाकलं की गावातल्या एका तरी सायकलची हवा जायची. या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध आहे असं त्याचं ठाम मत होतं. “मी आडवा पडलो की टायर पन आडवा पडतं,” तो म्हणायचा. एकदा तो पंप मारता मारता झोपला. हात चालू, माणूस झोपलेला. गिऱ्हाईक बिचारा भिडस्त, उठवू कसं म्हणून पाहत राहिला. शेवटी ट्यूब फुटली तेव्हा धर्मराज जागा झाला आणि रागाने म्हणाला, “कोनी उठवला?”

हँडलचा दोष तो डोळे मिटून ओळखायचा. पुढचं चाक उचलायचं, हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि कान द्यायचा. बघणाऱ्यांना वाटे, काय एकाग्रता! त्यातली निम्मी डुलकी असायची.

आता शिवाचं. शिवा धर्मराजापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा त्याला शेवंताबाईनेच वाढवलं. नवरीचं हळदीचं अंग घेऊन आली आणि कडेवर दीर मिळाला, असं ती सांगायची. तोही भावाच्याच कंपनीत लागला, पण टेम्परवारी. सहा महिने झाले की ब्रेक, पुन्हा सहा महिने. त्या वर्षी कंपनीचे मॅनेजर बदलून आले ते सायकलीच्या नादाचे निघाले. सव्वीस जानेवारीला ठाणे-बेलापूर रोडवर आसपासच्या कंपन्यांच्या कामगारांची शर्यत ठरली, तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंत आणि परत. मॅनेजरने भर कँटीनमध्ये सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “आपल्यापैकी जो पहिल्या तिनांत येईल त्याला परमनंट करतो.”

शिवाच्या पायांत जोर होता. पण जिच्यावर पाय मारायचे ती सायकल पाववाल्याची होती, आणि चढावर माणूस तिला ओढायचा.

धर्मराजाने त्या दिवशी मास्तरजवळ पहिल्यांदा मनातलं काढलं. मास्तर पंक्चर काढून घ्यायला आला होता.

“मास्तर, यो पोरगा परमनंट झाला ना, का मी ह्या घमेल्याला लाथ मारनार. पंप विकनार. कंपनीतून यायचा, न्याहारी करायची, दार लावायचा आनि…” इथे तो बराच वेळ थांबला. मास्तरला वाटलं, वाक्य संपलं. “…झोपायचा. संध्याकालपर्यंत. माझी आये मेली तवापासून मी दिवसा झोपलो नाय.”

हे इतक्या साधेपणाने म्हटलं होतं की मास्तरचा जीव कळवळला, आणि कळवळलेला मास्तर फार धोक्याचा असतो. तो म्हणाला, “सायकल मी आणतो!”

चेंबूरला मास्तरचा एक मेहुणा होता. तरुणपणी शर्यती मारायचा. नंतर लग्न केलं, सुखाने सुटला, आणि त्याच्या शर्यतीच्या सायकलचा सांगाडा माळ्यावर टांगून त्यावर पापड वाळवायला लागला. तो सांगाडा, पुढचं चाक धरणारा त्याचा चिमटा आणि मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, एवढं मास्तरने बसच्या टपावरून दिवाळ्यात आणलं. चाकं, चेन आणि बाकीचं धर्मराजाने इकडून तिकडून जमवलं. फ्रेम हलकी अशी की शेवंताबाई एका हाताने उचलून म्हणाली, “यावर मानूस बसनार? माझी पाटी जड हाय!”

सगळं जुळत होतं, अडलं ते हँडलपाशी. जुन्या वाट्या गंजून गेलेल्या. ठाण्याहून नव्या आणल्या, तर त्या केसभर घट्ट. शिवाला दम कुठला? त्याने नळीवर वाटी ठेवली, वर लाकडाची फळी धरली आणि हातोडी घातली. वाटी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने वर, अशी तिरकी बसली, जशी वरातीत नवरदेवाच्या डोक्यावर टोपी.

धर्मराजाने ती आतून ठोकून काढली. मग तो घराच्या मागे गेला आणि उपड्या होडीखाली हात घालून एक हातभर लांब बोल्ट घेऊन आला. होडीच्या फळ्या आवळायचा. तो बोल्ट त्याने नळीतून आरपार घातला, वर एक वाटी, खाली एक वाटी, दोन्हीकडे जाड वायसर आणि नट. मग पान्याने आवळायला लागला. पाव आटा, थांबायचं. पाव आटा, थांबायचं. थांबताना डोळे मिटायचे. दोन्ही वाट्या हळूहळू, सरळ, तोंडाला तोंड देत आत गेल्या. मास्तर “वा!” म्हणाला. धर्मराज जागा होऊन “आँ?” म्हणाला.

हे झालं त्या शनिवारी. दुसऱ्या दिवशी छर्रे बसवायचे होते, तोच मास्तरचा तो पाय. छर्रे जवळ्यातून निघाले, पुन्हा रॉकेलात धुतले गेले, मास्तरला अंगणाच्या कडेला दगडावर बसवण्यात आलं, आणि संध्याकाळी पाळीला जायच्या आधी धर्मराजाने दोन्ही वाट्यांत ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा असा मांडला, जसं कोणी दागिन्यात खडे बसवावेत.

इथे धर्मराजाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. छर्रे मांडले की तो लगेच चिमटा घालत नसे. तसंच उघडं ठेवायचा, वर वर्तमानपत्राचा कागद झाकायचा आणि म्हणायचा, “एक भरती जाऊ दे.” होडीला तेल लावलं की एक भरती थांबतात, तेल लाकडात मुरतं. लोखंड तेल पीत नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. मास्तरनेच सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला, “नाय पिऊ दे. विचारायला काय जातंय?”

सकाळी पाळीवरून आल्यावर त्याने अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी चिमटा आत सारला, नट आवळला, थोडा सैल सोडला, पुन्हा आवळला, हँडल फिरवलं. लोण्यात बोट फिरावं तसं फिरलं. ना खडखड, ना ढिलाई. शिवा टांग मारून निघाला. धर्मराज खाटेवर आडवा झाला. तो दिवस चांगला जाणार अशी चिन्हं होती.

नेरूळपर्यंत जाऊन शिवा परत आला.

“दादा, हँडल कच् कच् करतंय. मधेच अडकतंय. हात सोडला का सायकल खड्ड्यात जातेय.”

धर्मराज उठला. उठताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो हँडलपेक्षा मोठा होता. पुन्हा सगळं खोललं. खालच्या वाटीत ग्रीस राहिलंच नव्हतं, त्याचा पांढुरका, खरखरीत लगदा झाला होता. त्याने लगदा बोटांत चोळला. काहीतरी कडक होतं, काहीतरी पिठूळ होतं.

“जवला,” तो म्हणाला. “टरफला गेलीत आत.”

आणि त्याने मास्तरकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मास्तरने त्याच दिवशी वाशीला जाऊन नवे छर्रे आणि ग्रीसचा नवा डबा आणला. पुन्हा धुणं, पुन्हा भरणं, पुन्हा एक भरती. पुन्हा सकाळी लोणी. आणि शिवा घणसोलीपर्यंत जाऊन आला तेव्हा पुन्हा कच् कच्.

या वेळी जवळ्यावर आळ घेता येईना. धर्मराजाने लगद्याकडे बराच वेळ पाहिलं, मग ते बोट सरळ जिभेला लावलं.

“मास्तर,” धर्मराज तोंड वाकडं करत म्हणाला, “ग्रीसमदी पीठ हाय.”

“काय?”

“पीठ. तांदलाचा. तुमाला भेसलीचा माल दिला.”

मास्तर तिरीमिरीत उठला, डबा काखोटीला मारून वाशीला गेला आणि दुकानदारासमोर डबा आपटून म्हणाला, “ग्रीसमध्ये तांदळाचं पीठ घालता? लाज नाही वाटत?” दुकानदाराने डबा उघडला, हुंगला, मास्तरकडे नीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “मास्तर, ग्रीसपेक्षा पीठ स्वस्त मिळतं ते दुकान मला दाखवता का?” मास्तर तिसरा डबा घेऊन परतला.

शर्यत आता तोंडावर आली होती. शिवा पाववाल्याच्या सायकलवरच सराव करत होता आणि घरी येऊन काही बोलत नव्हता. बोलका पोरगा बोलेनासा झाला की घरातली भांडीही हळू वाजतात. धर्मराजाचे डोळे लाल झाले होते. रात्री कंपनी, दिवसा हँडल. पंचवीस तारखेला त्याने कधी नव्हे ते केलं, रातपाळीला खाडा केला. दुपारभर बसून सगळं पुन्हा खोललं, वाट्या फडक्याने आरशासारख्या पुसल्या, तिसऱ्या डब्यातलं ग्रीस भरलं आणि छर्रे मांडले. कागद झाकला. मग अंगणातल्या खाटेवर पडून डोळे मिटले. उन्हं कलत होती. झोपायचा विचार होता, पण जो माणूस कुठेही, कधीही, पंप मारतानाही झोपतो, त्याला त्या दिवशी नेमकी झोप येईना.

म्हणून त्याने पाहिलं.

शेवंताबाई घरातून बाहेर आली. हातात छोटी ताटली. तिने इकडे तिकडे पाहिलं, खाटेवरच्या नवऱ्याकडे पाहिलं, तो झोपलेला. पुढे होऊन तिने नळीवरचा कागद उचलला, नळीला हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि ताटलीतली चिमूटभर तांदळाची कणी नळीच्या तोंडातून आत सोडली. मग कागद पुन्हा जसाच्या तसा झाकला.

धर्मराज खाटेवर उठून बसला नाही. तेवढीही ताकद नव्हती. पडल्या पडल्याच म्हणाला, “शेवंते.”

ती दचकली. “जागा हाय व्हय तुमी?”

“काय टाकला आत?”

“काय टाकनार? पोटाला घातला.” ती पदर सावरत म्हणाली. “माझा बापूस होडी बांधायचा तवा तोंडाकडची शेवटची फली मारायच्या आधी आत मूठभर तांदूल टाकायचा. रित्या पोटी होडी पान्यात घालायची नाय. माझ्या बापसाची एक तरी होडी बुडाली का? सांगा ना, बुडाली का?”

“नाय बुडाली.”

“मग?”

“होडीला छर्रे नसतात, शेवंते.”

तिला कळलं नाही. त्याने तिला जवळ बोलावलं आणि हाताने दाखवलं. नळीत टाकलेली कणी नळीच्या आत ग्रीसला चिकटून बसते, कागद उचलला तरी दिसत नाही. सायकल रस्त्यावर धावायला लागली, हादरे बसले, की एकेक कण सुटून खालच्या वाटीत पडतो आणि छर्रे त्याचं जातं करून दळतात. म्हणून सकाळी लोणी आणि घणसोलीला कच् कच्.

शेवंताबाई तिथेच खाली बसली. ताटली मांडीवर.

“म्हंजे तिन्ही वेला मीच?”

“तिन्ही वेला.”

“आनि तो पोरगा आठ दिवस माझ्याशी बोलत नाय, जेवत नाय, ते माझ्या…” तिने पदर तोंडाला लावला. “अंगाखांद्यावर वाढवला हो मी त्याला.”

धर्मराजाला रागवायचं होतं. पण राग यायलाही आधी माणसाला सरळ बसावं लागतं. तो पडूनच राहिला. मग म्हणाला, “रडू नको. ग्रीसला पानी लागता नये.”

ती रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाली, “मग आता काय, रित्या पोटी धाडायचा त्याला?”

यावर धर्मराजाने विचार केला. कणी टाकली नाही तर ही जागी राहणार, आणि ही जागी राहिली की बोलणार. टाकली तर हँडल अडकणार. मागच्या, सीटखालच्या नळीत टाकावी तर ती खाली पेडलांच्या छर्ऱ्यांत जाणार. सायकल म्हणजे नुसते छर्रेच छर्रे. माणसाच्या श्रद्धेला कुठे जागाच ठेवलेली नाही. शेवटी त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या त्या मेंढ्याच्या शिंगांवर गेली. हँडलची नळी पोकळ, दोन्ही टोकं उघडी.

“इकडं टाक,” तो म्हणाला. “वर बूच मारतो.”

तिने चिमूट टाकली नाही. आत गेली आणि मूठ भरून आणली.

“आनि मास्तरला सांगू नको,” धर्मराज लाकडाचं बूच तासत म्हणाला.

“का? बिचारे इतक्या वेला वाशीला जाऊन आले. त्यांना वाटतंय त्यांच्या पायान झाला.”

“वाटू दे. ग्रीसचे डबे आनतात ना.”

हे मास्तरला कळलं ते फार पुढे, शेवंताबाईने एकदा बाजारात मांदेली मापताना हसत हसत सांगितलं तेव्हा. तोवर त्या घरात कोणी नुसतं ‘ग्रीस’ म्हटलं तरी मास्तरची मान खाली जात असे.

भरतीसाठी या वेळी थांबायला वेळ नव्हता. धर्मराजाने वाट्या आणि नळी पुन्हा पुसली, पुन्हा भरली आणि तिन्हीसांजेच्या आत चिमटा घालून नट आवळला. सकाळी शिवाने हँडल धरलं तेव्हा आतून खुळखुळ आवाज आला.

“दादा, यो काय वाजतंय?”

“वयनीला इचार,” धर्मराज म्हणाला.

वयनी म्हणाली, “काय नाय, मी हाय सोबत.” शिवा कितीतरी दिवसांनी हसला.

तुर्भ्याला शेवटच्या पट्ट्यापाशी बरीच गर्दी होती. कंपन्यांचे कामगार, गावातली माणसं, पोलीस, बिल्ला लावलेले साहेब. मास्तर टाचा उंचावून रस्त्याकडे पाहत होता. धर्मराज विजेच्या खांबाला टेकून उभा होता आणि पहिल्या भाषणातच झोपला होता. झोपेत त्याचा उजवा हात मधूनच पाव आटा फिरत होता आणि थांबत होता. बराच वेळ गेला. उन्हं चढली. मग दुरून गलका उठला. पहिला आला, तो भलत्याच कंपनीचा. दुसरा आला, तोही भलताच. मग वळणावर तिघे एकदम दिसले, मान खाली घालून, आणि त्या गलक्यातूनही एक आवाज यायला लागला, लग्नातल्या लहान पोराच्या हातात असतो तसा. खुळखुळ. खुळखुळ. शेवंताबाईने तो सगळ्यांच्या आधी ओळखला. “आला गो माझा!” म्हणून ती अशी ओरडली की शेजारच्या पोलिसाने शिट्टी वाजवली.

शिवा तिसरा आला, जेमतेम एका चाकाने. दिघ्याला रस्त्यात पिंप ठेवलं होतं, त्याला वळसा घालून परतायचं होतं. तिथे सगळ्यांनी ब्रेक दाबले आणि पाय टेकले. याने नुसतं हँडल कलतं केलं आणि सायकल आपणहून वळली, असं तो धापा टाकत सांगत होता. मॅनेजर साहेबांनी हात मिळवला, पाठ थोपटली, परमनंटचं सोमवारी करू म्हणाले, आणि हँडल हलवून कुतूहलाने विचारलं, “ये क्या बजता है?”

“सर, कणी.”

“कौनसा पार्ट है?”

“घरचा हाय, सर,” शिवा म्हणाला.

मास्तरला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. तो खांबापाशी धावला आणि त्याने धर्मराजाला दोन्ही खांद्यांना धरून गदगदा हलवलं. धर्मराजाने डोळे उघडले, दूर गर्दीत भावाच्या गळ्यातला झेंडूचा हार पाहिला, आणि तोंडावरून एकदा हात फिरवला. त्याच्या खालच्या ओठाला बारीक कापरं भरलं होतं, ते त्याने जांभईत घालवलं. पलीकडे शेवंताबाई सारसोळ्याच्या एका बाईच्या डोक्याशी डोकं लावून काहीतरी कुजबुजत होती. दोघीही मधूनमधून शिवाकडे पाहत होत्या, आणि त्या बाईच्या मागे एक मुलगी जमिनीकडे पाहत उभी होती.

“झालं की नाही!” मास्तर म्हणाला. “आता कसला पंप अन् कसलं घमेलं! उद्यापासून दुकान बंद. दार लावायचं आणि संध्याकाळपर्यंत ताणून द्यायची, काय धर्मराज?”

धर्मराजाने आधी त्या दोघींकडे पाहिलं, मग मास्तरकडे पाहिलं, मग खांबाशी ठेवलेली पान्यांची पिशवी खांद्याला लावली.

“आता त्याचा लगीन हाय.”